दाना ते पेट्रा, पायी: जॉर्डन ट्रेलची तयारी खानदेशातून कशी करावी

मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५च्या पुढे गेला की कट्ट्यावर एक वाक्य ठरलेलं असतं, "आपल्याला काय ऊन नवीन आहे का?" जॉर्डनच्या वाळवंटी डोंगरात चालायला निघालेल्या खानदेशी माणसाने हे वाक्य घरीच ठेवून जावं. आपल्यातले बहुतेक जण ऊन खिडकीतून बघतात. अकरा ते पाच कूलरची हवा, बाहेर पडलोच तर गाडीवर, तोंडाला रुमाल बांधून. उन्हाची खरी सवय असते ती भर दुपारी केळीचे घड वाहणाऱ्या मजुराला, वीटभट्टीवरच्या बाईला. बाकीच्यांना ती मुद्दाम लावून घ्यावी लागते. ती लावता येते आणि त्यासाठी आपल्याकडे जागा भरपूर आहेत.

आधी वाट समजून घेऊ.

आख्खी वाट आणि आपला तुकडा

जॉर्डन ट्रेल देशाच्या उत्तर टोकाला उम्म कैसला सुरू होते आणि दक्षिणेला तांबड्या समुद्रावरच्या अकाबाला संपते. लांबी सुमारे ६७५ किलोमीटर, सलग चालायला चाळीसेक दिवस. वाटेचे आठ भाग केलेले आहेत आणि बहुतेक लोक त्यातला एखादाच निवडतात. उत्तरेला ऑलिव्हच्या बागा, ओकची झाडं आणि अजलूनचा किल्ला लागतो, तिथे वाळवंट शोधूनही सापडत नाही. मधल्या भागात मृत समुद्राकडे उतरणाऱ्या प्रचंड दऱ्या आडव्या येतात: झरका माईन, मुजिब, अल-हसा. एक दरी उतरायची, पुन्हा तेवढीच चढायची, मग पुढची. करकचा, धर्मयुद्धासाठी आलेल्या युरोपीय क्रुसेडरांनी बांधलेला किल्ला याच पट्ट्यात आहे. त्यानंतर दाना हे गाव, पेट्रा, मग वादी रमची लाल वाळू आणि शेवटी अकाबाचे ग्रॅनाइटचे डोंगर ओलांडून समुद्र.

पहिल्यांदा जाणाऱ्याने दाना ते पेट्रा हाच भाग घ्यावा, असं माझं ठाम मत आहे. चार-पाच दिवस, पाऊणशे ते ऐंशी किलोमीटर. एवढ्यात उंच पठार, खोल दरी, सपाट वाळवंट, वालुकाश्माचे डोंगर आणि शेवटी अख्खं दगडात कोरलेलं शहर, सगळं येतं. वादी रम सुंदर आहेच, पण तिथे जीपने फिरणाऱ्यांची गर्दी असते आणि मऊ वाळूत चालणं फार दमवतं. ज्याच्याकडे आठवडाभर जास्त आहे त्याने तो भाग नंतर जोडावा.

कधी जायचं

मार्च ते एप्रिलचा मध्य, किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबर. जून ते ऑगस्ट नावही काढू नका, कारण दानाच्या दरीच्या तळाशी, फेनानच्या बाजूला, वाट समुद्रसपाटीपासून जेमतेम तीनशे मीटरवर येते आणि सावली मिळत नाही. डिसेंबर-जानेवारीत उलटा प्रश्न: पेट्राच्या आसपास उंची हजार मीटर असते, कधी बर्फही पडतो.

खानदेशातून जाणाऱ्याला मार्च जास्त सोयीचा. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे चालायला झकास हवा असते, फेब्रुवारीच्या शेवटी ऊन तापू लागतं, त्यामुळे तयारी आपोआप सोप्याकडून अवघडाकडे जाते. मात्र रमजानचा महिना बघून तारखा ठरवा. २०२७ मध्ये तो फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास सुरू होतो. रमजानमध्ये चालायला बंदी नसते, पण दिवसा खानावळी बंद असतात आणि उपाशी-तहानलेल्या वाटाड्यासमोर घटाघटा पाणी प्यायला आपल्यालाच बरं वाटत नाही.

वाळवंटात पुराची भीती सांगितली की लोक हसतात. २०१८च्या ऑक्टोबरमध्ये मृत समुद्राजवळ अचानक आलेल्या लोंढ्यात शाळेच्या सहलीतली मुलं वाहून गेली. पुढच्याच महिन्यात पेट्रातून हजारो पर्यटकांना घाईघाईने बाहेर काढावं लागलं. वादी म्हणजे कोरडी नदी. पाऊस वीस किलोमीटर लांब पठारावर पडतो, खडकात मुरत नाही, आणि लोंढा कोरड्या पात्रात निळ्या आभाळाखाली येतो. पात्रातून चालताना काठावरच्या झुडपांकडे बघायची सवय लावा. फांद्यांत अडकलेली वाळकी काडी, प्लास्टिकची चिंधी डोक्याच्या वर दिसली, तर पाणी तिथवर येऊन गेलेलं असतं. अशा ठिकाणी तंबू लावायचा नाही, जेवायला बसायचं नाही. अंदाजात पावसाची शक्यता असेल तर अरुंद घळीत शिरायचंच नाही, वाटाडा कितीही निर्धास्त असला तरी.

अंगाला ऊन कसं लावायचं

शरीर उष्णतेशी जुळवून घ्यायला साधारण दहा ते चौदा दिवस घेतं. या दिवसांत रोज तास-दीड तास उन्हात मेहनत केली की घाम लवकर सुटायला लागतो, घामातून मीठ कमी जातं, रक्तातला पाण्याचा अंश वाढतो आणि त्याच चढावर हृदयाचे ठोके कमी पडतात. मेहनत थांबवली की दोन-तीन आठवड्यांत हे सगळं ओसरू लागतं. म्हणून गेल्या उन्हाळ्यातली सवय या मार्चला कामाची नाही. निघण्याआधीचे शेवटचे दोन आठवडे दुपारी चालायचे, आणि त्या दिवसांत एसी-कूलर जमेल तेवढा कमी. बीपीच्या, हृदयाच्या किंवा लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर हे डॉक्टरांना विचारूनच करा.

त्याआधीचे दोन-अडीच महिने पायांचे. धुळेकरांना लळिंग जवळ आहे, मुंबई-आग्रा महामार्गाला लागूनच. किल्ला लहान आहे, एका फेरीत काही होत नाही. सॅकमध्ये पाण्याच्या बाटल्या भरून दोन-तीन वेळा वर-खाली करा. बाटल्यांचा फायदा असा की गुडघे कुरकुरायला लागले तर पाणी झाडाला ओतून हलकं होता येतं, दगड भरले तर ते टाकायला जीव होत नाही.

जळगाव-चाळीसगावच्या लोकांसाठी पाटणादेवी. तिथून कण्हेरगड, पितळखोऱ्याची लेणी, केदारकुंडाचा परिसर जोडून चांगला लांब दिवस काढता येतो. हा भाग गौताळा औट्रमघाट अभयारण्यात येतो, तेव्हा वनखात्याच्या नाक्यावर नोंद करायची, शुल्क भरायचं आणि विचारल्याशिवाय मुक्काम करायचा नाही. उन्हाळ्यात पानं गळाली की अजिंठ्याच्या डोंगररांगेचा हा कोपरा दानाच्या वाटेला बराच जवळ जातो: उघडा उतार, तापलेला कातळ, पायाखाली घसारा. (पाटण्याला गेलातच तर भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याच्या शिलालेखाची माहिती आधी वाचून जा. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो उजेडात आणला. तिथे नुसतं देवीदर्शन करून परत फिरणं मला नेहमी अर्धवट वाटतं.)

उतरणीचा सराव वेगळा करावा लागतो आणि तोच सगळे टाळतात. पहिल्याच दिवशी दाना गावातून फेनानपर्यंत नऊशेच्या आसपास मीटर उतरायचं असतं. लळिंगसारख्या छोट्या किल्ल्यावर मांड्यांना याची कल्पना येत नाही. बागलाणातला साल्हेर त्यासाठी उत्तम. महाराष्ट्रातला हा दुसऱ्या क्रमांकाचा उंच डोंगर, १५६७ मीटर, आणि पायथ्यापासूनची उतरण जवळपास तशाच मापाची. एकदा सावकाश उतरा, महिन्याने पुन्हा उतरा आणि दुसऱ्या दिवशी जिना कसा उतरता येतो ते बघा. नंदुरबारकडच्यांना तोरणमाळ आणि अस्तंबा आहेतच. दिवाळीत अस्तंब्याच्या यात्रेला सातपुड्यातले आदिवासी भाविक ज्या सहजतेने रात्रभर चालतात, ते बघितलं की आपल्या महागड्या बुटांची थोडी लाजच वाटते.

बूट नवे घेणार असाल तर याच काळात घ्या. घोट्याच्या वरपर्यंत येणारे हवेत असं नाही, पण तळ जाड हवा आणि पुढे बोटाएवढी जागा हवी, कारण उतारावर आणि उन्हात पाय फुगतो. जॉर्डनचा वालुकाश्म कोरडा असताना मस्त पकड देतो. त्यावर बारीक रेती पसरलेली असली की मात्र तो आपल्या बेसाल्टवरच्या मुरमापेक्षाही फसवा. पाय सपाट टेकवायचा, टाच रोवायची नाही.

पाण्याचा हिशेब

या वाटेचं खरं गणित पाण्याचं आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

चालताना माणशी चार ते पाच लिटर, फेनानच्या खालच्या पट्ट्यात सहा. स्वयंपाक आणि चहा धरून अजून एखाद-दोन. लिटरमागे किलो. म्हणजे दोन दिवसांचं पाणी घेतलं तर दहा-बारा किलो नुसतं पाणीच, वर तंबू, झोपायची पिशवी, शिधा. फेनान सोडल्यापासून पेट्राच्या अलीकडच्या लिटल पेट्रापर्यंत भरवशाचं दुकान किंवा नळ नाही. झरे आहेत, पण कुठला कोणत्या महिन्यात वाहतो हे तिथल्या बेदूंनाच (वाळवंटातल्या भटक्या पशुपालकांनाच) माहीत, आणि त्याच पाण्यावर शेळ्याही येतात. म्हणून व्यवहारी मार्ग दोनच: मुक्कामाच्या जागी पाणी आणि सामान पोचवणारी गाडी ठरवायची, किंवा गाढव-खेचर घेऊन येणारा स्थानिक वाटाडा. सगळं स्वतः वाहून नेणारे लोकही असतात. त्यांना माझा नमस्कार. पहिल्या खेपेला तो हट्ट करू नये.

झऱ्याचं पाणी घ्यावंच लागलं तर गाळून, मग क्लोरीनच्या गोळ्या टाकून किंवा उकळून. हातात धरायचे छोटे फिल्टर आता आपल्याकडेही मिळतात.

कोरड्या हवेत घाम दिसत नाही. तो अंगावर यायच्या आतच उडून जातो, शर्टावर फक्त पांढरी मिठाची रेघ उरते. त्यामुळे आपल्याला घाम येतच नाही अशा समजुतीत माणूस पाणी कमी पितो. तहानेची वाट न बघता दर वीस-पंचवीस मिनिटांनी तीन-चार घोट. लघवीचा रंग बघत राहायचा: फिकट पिवळा ठीक, गडद झाला की सावली शोधून बसायचं. आपल्याकडे उन्हाळी लागली की जी जळजळ होते ती तिथे होऊ देऊ नका, तिथे सब्जाचं पाणी करून द्यायला कोणी नाही. नुसतं पाणी लिटरच्या लिटर ढोसणंही वाईट, रक्तातलं मीठ पातळ होतं. दिवसातून दोन-तीन लिटर जलसंजीवनी घातलेलं, आणि खाण्यात खारे दाणे.

डोकं जड होणं, मळमळ, पायात गोळे हा पहिला इशारा. तेवढ्यावर सावली, पाणी, मीठ, तासभर विश्रांती पुरते. पण सोबतचा माणूस असंबद्ध बोलायला लागला, चालताना झोकांड्या खाऊ लागला, तर तो उष्माघात समजायचा. कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि मदत मागवा. अशा वेळी पाणी वाचवायचा विचार करायचा नाही. जॉर्डनमध्ये आपत्कालीन नंबर ९११ आहे. खिशातल्या कांद्यावर श्रद्धा असेल तर कांदा जरूर ठेवा, पण जलसंजीवनीच्या पुड्या काढून त्या जागी नको.

सगळ्यात स्वस्त उपाय वेळेचा. उजाडायच्या आधी निघा, अकरा-साडेअकराला कपारीत थांबा, तीननंतर पुन्हा चाला. आपला शेतकरी वैशाखात नांगरटीला हेच करतो.

कागदपत्रं, पैसे, विमानात काय न्यायचं नाही

निघण्याआधी जॉर्डन पास ऑनलाइन काढा. पेट्राच्या एका दिवसाच्या प्रवेशासह ७० दिनार, दोन दिवसांसह ७५, तीन दिवसांसह ८०. पेट्राचं नुसतं एका दिवसाचं तिकीट ५० दिनार आणि व्हिसाचे ४०. पास आधी घेऊन देशात किमान तीन रात्री राहिलात तर व्हिसाचे पैसे माफ होतात, म्हणजे पास स्वस्तच पडतो. वादी रमसारख्या इतर जागांचा प्रवेशही त्यात येतो. माझा सल्ला दोन दिवसांच्या पासचा. दिनार डॉलरला बांधलेला आहे, एक दिनार म्हणजे साधारण १.४१ डॉलर. रुपयात गुणाकार करून बघा आणि एकदा नीट बसून घ्या, महाग देश आहे. भारतीय पासपोर्टसाठीचे व्हिसाचे नियम आणि पासचे दर तिकीट काढण्याआधी पुन्हा तपासा. भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाने त्या भागासाठी काय सूचना दिल्या आहेत हेही बघा, शेजारी काय चाललंय यावर तिथला प्रवास अवलंबून असतो.

डोंगरातल्या सुटकेचा खर्च देणारा विमा घ्या. साध्या प्रवास विम्यात ट्रेकिंग बहुधा वगळलेलं असतं, अटी वाचा.

नकाशासाठी जॉर्डन ट्रेल असोसिएशनच्या संकेतस्थळावर वाटेच्या जीपीएक्स फाइल (नकाशावर वाट दाखवणाऱ्या) मिळतात. त्या मोबाइलमध्ये ऑफलाइन उतरवून घ्या, सोबतच्या दोघांच्याही. वाटेवर रंगाच्या खुणा फारशा नाहीत, शेळ्यांच्या वाटा मात्र शेकडो, आणि दरीत रेंज नसते. परदेशी ट्रेकर सॅटेलाइटवरून संदेश पाठवणारी उपकरणं वापरतात. ती बघून भारतातून घेऊन निघू नका. सॅटेलाइट फोन आणि तसली साधनं आपल्याकडे परवानगीशिवाय बाळगणं बेकायदा आहे आणि विमानतळावर लोकांना अटक झालेली आहे. वाटाडा घेणं हा यावरचाही उत्तम उपाय.

गॅसचं सिलिंडर विमानात चालत नाही, ते अम्मानमध्ये घ्यावं लागतं. पॉवर बँक हातातल्या बॅगेत, चालायच्या काठ्या चेक-इनमध्ये.

आणि एक खास आपल्या घरची गोष्ट. मुंबईहून जाताना बहुतेक विमानं आखातात बदलावी लागतात. संयुक्त अरब अमिरातीत खसखस बेकायदा आहे, अगदी चिमूटभरसुद्धा. आईने प्रेमाने बांधून दिलेल्या काळ्या मसाल्यात, लाडवांत खसखस आहे का हे तिला आधी विचारा. असेल तर डबा घरी.

बाकी खाऊ न्यायला हरकत नाही: शेंगदाण्याची कोरडी चटणी, लसणाची चटणी, गूळ-दाणे, सातूचं पीठ, यावल-रावेरकडची वाळवलेली केळी. सातूचं पीठ दुपारी कपारीत गार पाण्यात कालवून खाता येतं, गॅस पेटवावा लागत नाही. कळण्याची भाकरी दुसऱ्या दिवशीच कडक होते, तिचा मोह आवरा.

दिवसागणिक वाट

अम्मानचा विमानतळ शहराच्या दक्षिणेलाच आहे, त्यामुळे शहरात न शिरता थेट दानाला गाडी करता येते. पण आदल्या दिवशी पोचून एक रात्र दाना गावात काढा. दरीच्या काठावरचं दगडी घरांचं जुनं गाव आहे, मध्यंतरी जवळजवळ ओस पडलं होतं, आता काही घरांत पाहुण्यांची सोय झाली आहे. १९८९ मध्ये या परिसराला संरक्षण मिळालं. संध्याकाळी काठावर बसून समोरची दरी नीट बघा, उद्या तिच्या तळाशी जायचं आहे.

पहिला दिवस सगळा उताराचा, पंधरा किलोमीटरच्या आसपास. वाट रुळलेली आहे, चुकायला जागा नाही. वर जुनिपरची झाडं, खाली उतरता उतरता ती संपतात आणि बाभळीच्या जातीची काटेरी झाडं सुरू होतात. कड्यांवर वाकड्या लांब शिंगांचा रानबोकड दिसला तर नशीब. गुडघ्यांसाठी काठ्या इथेच काढा, नंतर काढून उपयोग नाही. खाली फेनानला काळसर धातुमळीचे ढीग लागतात. इथे हजारो वर्षं तांबं वितळवलं जात होतं, आणि रोमन काळात शिक्षा झालेल्या कैद्यांना या खाणींत मरेपर्यंत राबवायचे. फेनानचं मेणबत्त्यांच्या उजेडात चालणारं इकोलॉज प्रसिद्ध आहे. महाग आहे, पण पुढच्या तीन दिवसांत अंघोळ नाही हे लक्षात घेऊन ठरवा.

दुसरा दिवस मला सगळ्यात अवघड वाटतो. उजव्या हाताला वादी अरबाचं सपाट तापलेलं मैदान, डावीकडे डोंगराची भिंत, आणि वाट त्या दोन्हींच्या मधून आधी सपाटीने आणि मग कोरड्या पात्रातून वर चढते. इथे पहाटे निघण्याला पर्याय नाही. दृश्याच्या दृष्टीने हा दिवस रुक्ष आहे, फोटो फारसे येत नाहीत.

तिसऱ्या दिवशी त्याची भरपाई होते. वाट वालुकाश्माच्या डोंगरात शिरते. लाल, जांभळे, पिवळे, पांढरे पट्टे असलेला खडक वाऱ्यापाण्याने झिजून गोलाकार झालेला. चढ खडा आहे, अधूनमधून कातळावर हात टेकावे लागतात, पण दोर लागत नाही. डोंगराच्या कडेने जाणारी आडवी वाट काही ठिकाणी अरुंद आहे. ज्यांना खाली बघून चक्कर येते त्यांनी वाटाड्याच्या पाठीमागे लागून नजर त्याच्या टाचेवर ठेवावी.

या मधल्या मुक्कामांत बेदू लोकांच्या शेळीच्या केसांच्या काळ्या तंबूंजवळून जाणं होतं. चहाला बोलावलं तर बसा. सेज किंवा रानओवा घातलेला, साखर भरपूर असलेला चहा येतो. तंबूतल्या बायकांचे फोटो विचारल्याशिवाय काढायचे नाहीत. कपडे अंग झाकणारे असावेत, उन्हासाठीही तेच बरं. राखणीचे कुत्रे धावून येतात, पण खाली वाकून दगड उचलल्याचं नाटक केलं तरी थबकतात. ही विद्या आपल्याला गावाकडे लहानपणीच मिळालेली असते.

संध्याकाळी वाटाडा कणीक मळून विस्तवावर रोटी करतो तेव्हा जवळ जाऊन बघाच. निखारे बाजूला सारून तापलेल्या वाळूवर जाड चपटा गोळा ठेवतो, वर पुन्हा राख आणि निखारे लोटतो. पंधरा-वीस मिनिटांनी काढून काठीने बडवतो, चिकटलेली राख झाडतो आणि हातानेच तुकडे करतो. वरून कडक, आत मऊ, थोडी धुरकट: गोवऱ्यांवर भाजलेल्या आपल्या बट्टीची सख्खी मावसबहीण. ती टोमॅटो-लसणाच्या घट्ट रस्स्यात बुडवून खायची. शाकाहारी माणसाचे हाल होत नाहीत: डाळ-तांदळाची मुजद्दरा, हुम्मुस, फलाफल, बाकल्याच्या शेंगांतल्या दाण्यांचं 'फूल' नावाचं कालवण. फक्त मांस खात नाही हे पहिल्याच दिवशी सांगा, नाहीतर पाहुणचाराच्या रात्री वाळूत पुरून शिजवलेलं मटण समोर येईल. खाणाऱ्यांनी ते अजिबात सोडू नये.

चौथ्या दिवशी लिटल पेट्रा. वाट सौम्य होते, जव-गव्हाची छोटी शेतं दिसू लागतात. जवळच बैदा इथे नवाश्मयुगातल्या गावाचे अवशेष आहेत, सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वीचे. गोल आणि चौकोनी घरांचे फक्त पाये उरलेत, म्हणून बहुतेक लोक न थांबता पुढे जातात. थांबा. लिटल पेट्राच्या चिंचोळ्या घळीत वरच्या एका कोरीव दालनाच्या छतावर द्राक्षवेलींचं जुनं चित्र आहे, तेही मान वर करून बघा.

पेट्रात मागच्या दाराने

पाचव्या दिवसाचा सगळा आनंद तिकिटावर अवलंबून आहे. मागच्या वाटेवर तिकीट तपासतात, विकत नाहीत. त्यामुळे पेट्राच्या मुख्य दाराजवळच्या वादी मूसा गावातल्या केंद्रावरची तिकिटाची कामं आधीच उरकून घ्या, किंवा तुमच्या वाटाड्याला हे कसं करायचं ते चालायला लागण्यापूर्वीच विचारा. चौथ्या दिवशी संध्याकाळी आठवण होऊन उपयोग नाही.

लिटल पेट्राहून निघालेली वाट कड्यात कोरलेल्या पायऱ्यांनी, डोंगराला वळसा घालत वर जाते आणि एका कोपऱ्यावर काही कल्पना नसताना समोर अद-दैर, म्हणजे 'मठ' म्हणून ओळखलं जाणारं स्मारक, उभं राहतं. जवळपास ४५ मीटर उंच, एकाच डोंगरातून कोरलेलं. समोरून येणारे पर्यटक आठशेच्या वर पायऱ्या चढून धापा टाकत इथे पोचतात, तुम्ही त्याच पायऱ्या उतरणार. सकाळी लवकर निघालात तर गर्दीच्या आधी पोचता.

पेट्रा नबाती या प्राचीन अरब लोकांनी घडवलं, इसवी सन १०६ मध्ये रोमनांनी ते साम्राज्यात घेतलं. बाहेरच्या जगाला त्याची पुन्हा ओळख झाली ती १८१२ मध्ये योहान बर्कहार्ट या स्विस प्रवाशाने बघितल्यावर. १९८५ मध्ये ते जागतिक वारसा यादीत आलं. हे सगळं कुठल्याही पुस्तकात मिळतं. चालत आलेल्या माणसाने बघायचं ते पाणी. सीक या सव्वा किलोमीटरच्या अरुंद घळीतून जाताना दोन्ही भिंतींकडे लक्ष द्या: एका बाजूला खडकात खोदलेला पाट, दुसरीकडे भाजलेल्या मातीच्या नळांची खाच. घळीच्या तोंडाशी धरण घालून आणि डोंगरातून बोगदा काढून त्यांनी पुराचा लोंढा बाजूला वळवला होता. ज्याला साक्रीकडे पांझरेवरचे फडाचे बंधारे, पाटकरी आणि पाण्याच्या पाळ्या माहीत आहेत, त्याला इथे थांबून बघायला तासही कमी पडेल. चार दिवस लिटर मोजत चालून आल्यावर तर जास्तच.

अल-खझ्ना, सुप्रसिद्ध खजिन्याची इमारत, सीकच्या आतल्या तोंडाशी आहे. तिथे उंट, फोटोवाले सगळे आहेत. वरून फोटो काढायला नेतो म्हणणाऱ्या पोरांच्या मागे जाऊ नका, त्या वाटा धोक्याच्या आहेत. दुसऱ्या दिवशीचं तिकीट असेल तर वादी मूसाला जाऊन आधी अंघोळ, जेवण, झोप, आणि पहाटे सहाला पुन्हा या.

नंतर

उरलेलं गॅसचं सिलिंडर आणि न उघडलेल्या जलसंजीवनीच्या पुड्या वाटाड्याकडे द्या, पुढच्या गटाला कामी येतात. बक्षिशी वेगळी, ती पाकिटातून. पेट्राहून अकाबाला दोन-अडीच तासांत गाडीने जाता येतं. तिथे तांबड्या समुद्रात डुंबा. मृत समुद्राला जायचं असेल तर तळपायाचे फोड आणि काट्यांचे ओरखडे पूर्ण भरेपर्यंत थांबा. ते पाणी साध्या समुद्राच्या नऊ-दहा पट खारट आहे आणि उघड्या जखमेवर त्याचा एक थेंब पुरतो.